पॅडलरची ॲनएरोबिक क्षमता कशी मोजावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

खेळाडूला एर्गोवर, म्हणजे जमिनीवर बसून वल्हवायच्या यंत्रावर, बसवले, ३० सेकंद जीव तोडून वल्हवायला लावले, स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा आकडा वहीत उतरवला, झाली चाचणी. दीड महिन्याने तोच खेळाडू पुन्हा बसतो आणि आकडा २५ वॅटने वाढलेला दिसतो. पण खेळाडू सुधारला, की मधल्या काळात एर्गोची बंजी दोरी सैल पडली? नोंदच नसेल तर याचे उत्तर कुणाकडेच नसते. कयाक आणि कनूच्या स्प्रिंट खेळाडूंच्या चाचण्या बिघडतात त्या बहुतेक वेळा 'सुरू' म्हणण्याच्या आधीच. म्हणून पुढच्या टप्प्यांत तयारीला जास्त जागा दिली आहे.

## टप्पा १ : काय मोजायचे ते आधी ठरवा

'ॲनएरोबिक' या एका शब्दात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. ऑक्सिजनची वाट न पाहता शरीर किती वेगाने ऊर्जा सोडू शकते, ही झाली शक्ती. आणि अशी ऊर्जा एकूण किती सोडू शकते, ही झाली क्षमता. तोटी केवढी आणि टाकी केवढी, असे दोन प्रश्न. मोठी तोटी आणि लहान टाकी असलेला खेळाडू पहिल्या १०० मीटरला पुढे असतो आणि शेवटच्या ५० मीटरला मागे पडतो. त्याला एकाच आकड्यात बसवले की प्रशिक्षण चुकते.

प्रश्नानुसार चाचणी निवडा:

- १० सेकंद: सुरुवातीची झेप, म्हणजे मुख्यतः स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनची (झटपट ऊर्जा देणाऱ्या साठ्याची) कामगिरी.
- ३० सेकंद: सर्वोच्च शक्ती आणि ती टिकवण्याची ताकद. २०० मीटरच्या खेळाडूसाठी हीच मुख्य चाचणी.
- २ मिनिटे, श्वासातील वायूंच्या मोजणीसह: क्षमता, म्हणजे टाकी. ५०० मीटरच्या खेळाडूसाठी सगळ्यात उपयोगी.

१००० मीटरच्या शर्यतीत ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश वाटा ऑक्सिजनच्या वापरातून येतो, ५०० मीटरला साठ टक्क्यांच्या आसपास, आणि २०० मीटरला साधारण एक तृतीयांश. १००० मीटरवाल्याचा ३० सेकंदांचा आकडा मध्यम आला म्हणून लगेच घाबरू नये, ते यासाठी.

इशारा: सायकलवरची ३० सेकंदांची प्रचलित चाचणी पॅडलरला लावू नका. ती पाय मोजते. हाताने फिरवायच्या क्रँकवरची चाचणी त्यापेक्षा बरी, पण तिच्यात धडाचे वळणे नाही आणि पायाचा रेटाही नाही. कयाकमधला स्ट्रोक या दोन्हींवर उभा असतो. कयाक एर्गोला पर्याय नाही. कनूच्या खेळाडूसाठी गुडघ्यावर बसायची सोय आणि एका बाजूची दांडी हवी.

## टप्पा २ : खेळाडूची दोन दिवसांची तयारी

१. आधीचे ४८ तास जोरकस इंटरव्हल किंवा जड वजने नाहीत. आदल्या दिवशी हलके वल्हवणे चालेल.

२. शेवटचे जेवण चाचणीच्या २ ते ३ तास आधी. उपाशीपोटी चाचणी नको आणि भरल्या पोटीही नको.

३. कॅफीन घ्यायचे की नाही, हे एकदा ठरवा आणि दरवेळी तेच पाळा. नेहमी कॉफी पिणाऱ्याची कॉफी फक्त चाचणीच्या दिवशी तोडली तर डोकेदुखीच मोजली जाईल.

४. क्रिएटिन, बीटा-ॲलनीन, सोडियम बायकार्बोनेट यांपैकी काही चालू असेल तर नोंद करा. तिन्हींचा परिणाम नेमका याच चाचणीवर होऊ शकतो.

५. वेळ तीच ठेवा. जोरकस प्रयत्नांची शक्ती सकाळपेक्षा दुपारनंतर सहसा थोडी जास्त असते. सकाळी ७ आणि संध्याकाळी ५ चे आकडे शेजारीशेजारी मांडू नयेत.

ताप, छातीत दुखणे, चक्कर, खांद्याची ताजी दुखापत यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी चाचणी रद्द. हृदयविकाराची शंका किंवा कुटुंबात कमी वयातल्या आकस्मिक मृत्यूचा इतिहास असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय अशी चाचणी करूच नका.

तपासा: खेळाडूने या एर्गोवर पूर्ण जोराचे किमान दोन सराव आधी केले आहेत का? नसतील तर पहिल्या दोन चाचण्यांमधली वाढ ही बहुतेक सवयीची असते, ताकदीची नव्हे.

## टप्पा ३ : एर्गो जुळवणे

इथे घाई करू नका. खेळाडू येण्याच्या अर्धा तास आधी हे काम सुरू करा.

बंजी दोरी. प्रत्येक स्ट्रोकनंतर दांडीची दोरी मागे ओढून घेणारी ही लवचिक दोरी. ती ताणायला लागणारी ऊर्जा मॉनिटरला दिसत नाही. दोरी फार घट्ट असेल तर खेळाडूच्या कामातला काही भाग तीच खाते आणि आकडा कमी येतो. फार सैल असेल तर हात पुढे जाताना दोरीला झोल पडतो आणि स्ट्रोकचा पहिला भाग रिकामा जातो. त्यात भर म्हणजे वापराने ती गरम होऊन आणखी सैलावते. म्हणून:

१. कुणाला तरी ५ मिनिटे एर्गोवर मध्यम वेगाने वल्हवायला सांगा. दोरी गरम होऊ द्या.

२. दांडीच्या एका टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवा, दोरी एर्गोवर केलेल्या खुणेपर्यंत ओढा आणि आकडा वाचा. खूण कायमची हवी, टेपची नको.

३. दुसऱ्या टोकाला तेच करा. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात.

४. आकडा वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक चाचणीला दोरी याच आकड्यावर आणायची. तो जुळत नसेल तर दोरी बदलायची वेळ झाली.

हवेचा रोध. फ्लायव्हीलच्या (हवा कापत फिरणाऱ्या जड चाकाच्या) झडपेवरचा आकडा म्हणजे रोध नव्हे. तीच झडप, तेच छिद्र, पण गरम दिवशी किंवा उंचावरच्या ठिकाणी हवा विरळ असते आणि रोध कमी होतो. जाळीत धूळ अडकली तरी तो बदलतो. मॉनिटर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे प्रत्यक्ष रोधाचा आकडा, दाखवत असेल तर झडप सोडा, ड्रॅग फॅक्टर जुळवा. दाखवत नसेल तर साधा उपाय आहे: चाक ठरावीक वेगाला आणा, हात थांबवा आणि चाक थांबायला लागणारे सेकंद मोजा. दर वेळी हे सेकंद जुळले पाहिजेत. कमी भरले तर रोध वाढला आहे किंवा बेअरिंग जाम होत आहे.

बैठक. आसन आणि पायपट्टी यांच्यातले अंतर खेळाडूच्या स्वतःच्या बोटीतल्यासारखे ठेवा आणि सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. हातांची पकड दांडी डोक्यावर धरून पाहा: कोपरे काटकोनात आली की रुंदी बरोबर. तिथे दांडीवर चिकटपट्टी लावा. ३० सेकंदांच्या दमछाकीत हात सरकतात आणि ते खेळाडूला कळतही नाही.

इशारा: पायपट्टीचे स्क्रू हाताने हलवून पाहा. पूर्ण जोरात ती सरकली तर चाचणी वाया जाते, आणि गुडघाही दुखावू शकतो.

तपासा: खोलीचे तापमान, दोरीचा ताण, ड्रॅग फॅक्टर किंवा थांबण्याचे सेकंद, आसनाचे अंतर, पकडीची रुंदी. हे पाच आकडे कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४ : वॉर्म-अप

१० मिनिटे हलके वल्हवणे, गप्पा मारता येतील इतपत. त्यात चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मिनिटाला ५ सेकंदांचा एकेक झटका: पहिला सत्तर टक्के, दुसरा ऐंशी, तिसरा नव्वद. मग ४ ते ५ मिनिटे विश्रांती. फॉस्फोक्रिएटिन बऱ्यापैकी भरून यायला एवढा वेळ लागतो. ती दोन मिनिटांवर आणली की सर्वोच्च शक्ती कमी दिसते आणि कारण कुणालाच सापडत नाही.

लॅक्टेट (जोरकस कामात स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणारा पदार्थ) मोजणार असाल तर विश्रांतीच्या शेवटी रक्ताचा एक थेंब घ्या. तो साधारण २ मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास असावा. ४ दिसला तर खेळाडू वॉर्म-अपमध्येच शर्यत खेळला आहे. आणखी थांबा.

## टप्पा ५ : ३० सेकंद

सुरुवात दोन प्रकारे होते: थांबलेल्या चाकापासून किंवा हळू फिरणाऱ्या चाकापासून. थांबलेली सुरुवात शर्यतीसारखी वाटते म्हणून आवडते. पण काही मॉनिटर फक्त हवेविरुद्धची शक्ती मोजतात, जड चाकाला वेग द्यायला लागलेली मोजत नाहीत. अशा यंत्रावर पहिले दोन-तीन स्ट्रोक कमी मोजले जातात. त्यामुळे नियमित तुलनेसाठी फिरत्या चाकाची सुरुवात बरी. निवडा कोणतीही, मात्र नंतर बदलू नका.

१. खेळाडू १ मिनिट अगदी हलके वल्हवतो. वेग ठरलेला आणि दरवेळी तोच.

२. "तीन, दोन, एक, जा". उलट मोजणी सुरू असताना त्याने वेग वाढवता कामा नये. वाढवला तर थांबवून पुन्हा सुरू करा.

३. पहिल्या स्ट्रोकपासून पूर्ण जोर. ही एकच सूचना आधी नीट समजावून सांगा: "शेवटासाठी काही राखू नको."

४. स्क्रीन झाकून ठेवा. वेळही ओरडून सांगू नका. "अजून दहा सेकंद" ऐकले की शरीर त्या दहासाठी काहीतरी राखून ठेवते.

५. प्रोत्साहन एकाच माणसाने, एकाच आवाजात द्यावे. एका खेळाडूच्या वेळी पूर्ण संघ ओरडतोय आणि दुसऱ्याच्या वेळी खोली गप्प, असे झाले तर ती तुलना नव्हे.

६. ३० सेकंद संपले की लगेच उठू देऊ नका. एक मिनिट नुसते हात फिरवत राहायचे. एकदम थांबून उभे राहिल्यास रक्तदाब घसरून भोवळ येते. बादली शेजारी असू द्या, ती लागते.

माहिती प्रत्येक स्ट्रोकची किंवा प्रत्येक सेकंदाची साठवा. नुसती सरासरी दाखवणारा मॉनिटर या कामाला अपुरा आहे.

## टप्पा ६ : लॅक्टेटचे थेंब

पॅडलरसाठी कानाची पाळी बोटापेक्षा बरी. बोटाला घट्टे असतात, आणि टोचलेल्या बोटाने पुन्हा दांडी धरवत नाही.

१. हातमोजे घाला. पाळी पाण्याने पुसा, मग अल्कोहोलने, मग पूर्ण कोरडी करा.

२. एकदाच वापरायच्या लॅन्सेटने टोचा आणि तो लगेच टोचणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात टाका.

३. पहिला थेंब पुसून टाका. दुसरा आपोआप फुगू द्या. पाळी पिळू नका, पिळल्याने ऊतींतले द्रव मिसळून थेंब पातळ होतो.

४. पट्टी थेंबाला लावा, त्वचेला नको.

५. चाचणी संपल्यापासून १, ३, ५, ७ आणि १० व्या मिनिटाला हेच करा. या काळात खेळाडू पहिल्या मिनिटाच्या हलक्या हालचालीनंतर बसून राहील. फेऱ्या मारल्या तर लॅक्टेट लवकर उतरते.

सर्वांत मोठा आकडा सहसा ३ ते ८ मिनिटांच्या दरम्यान येतो, कारण स्नायूंतले लॅक्टेट रक्तात उतरायला वेळ लागतो. फक्त शेवट झाल्याझाल्या एक थेंब घेऊन "लॅक्टेट कमी आले" म्हणणे ही या साऱ्या प्रकारातली सगळ्यात जुनी चूक.

तपासा: पहिल्या मिनिटाचा आकडाच सगळ्यात मोठा आणि मग एकदम घसरण? घामाची शंका घ्या. घामात लॅक्टेट रक्तापेक्षा कितीतरी जास्त असू शकते आणि त्याचा अंशही आकडा फुगवतो. १० व्या मिनिटाचा सगळ्यात मोठा? मग शिखर अजून आलेले नाही, १२ व्या मिनिटाला आणखी एक घ्या.

आणि हेही लक्षात असू द्या: लॅक्टेट म्हणजे टाकीचे माप नव्हे. रक्तातला आकडा किती तयार झाले, किती पसरले आणि किती वापरले गेले या तिन्हींवर ठरतो. त्याच खेळाडूची स्वतःशी तुलना करायला तो चांगला, दोन खेळाडूंमध्ये क्रम लावायला वाईट.

## टप्पा ७ : आकडे वाचणे

७२ किलो वजनाच्या एका काल्पनिक खेळाडूच्या ३० सेकंदांचे ५-५ सेकंदांचे सहा तुकडे घेऊ. सरासरी वॅटमध्ये: ४६८, ५१२, ४७६, ४४१, ४०९, ३८४.

- सर्वोच्च शक्ती: ५१२ वॅट, म्हणजे ७.१ वॅट प्रति किलो.
- सरासरी शक्ती: बेरीज २६९० भागिले ६, म्हणजे ४४८ वॅट, ६.२ वॅट प्रति किलो.
- एकूण काम: २६९० गुणिले ५, म्हणजे १३.४५ किलोज्यूल.
- घसरण: (५१२ − ३८४) भागिले ५१२, म्हणजे २५ टक्के.

एकाच स्ट्रोकचा सर्वोच्च आकडा 'पीक' म्हणून लिहू नका. एखादा झटका, दोरीचा हिसका, काहीही त्यात येते. ५ सेकंदांची सरासरीच घ्या.

घसरणीच्या टक्क्याबद्दल जरा स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्याला गरजेपेक्षा जास्त मान दिला जातो. समजा पुढच्या वेळी याच खेळाडूची घसरण १५ टक्के आली. सहनशक्ती वाढली? आधी सर्वोच्च शक्ती पाहा. ती ५१२ वरून ४५० वर उतरली असेल तर त्याने सुरुवातीला जोर राखून ठेवला, एवढेच. उलट घसरण ३० टक्के झाली, पण सर्वोच्च ५६० आणि सरासरी ४६५ असेल तर खेळाडू सरळसरळ सुधारला आहे. घसरण एकटी कधीच वाचू नये. तिची पुनरावृत्तीही तिन्हींत सगळ्यात कच्ची असते.

तपासा: सर्वोच्च तुकडा पहिल्या १० सेकंदांत आहे का? त्यानंतरचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा खाली गेला आहे का? शेवटचा तुकडा मधल्यापेक्षा वर असेल तर ती चाचणी रद्द समजा आणि ४८ तासांनी पुन्हा घ्या.

## टप्पा ८ : टाकी मोजणे, ऑक्सिजनची तूट

ही चाचणी वेगळ्या दिवशी ठेवा. कल्पना साधी आहे: सोप्या वेगांना प्रति वॅट किती ऑक्सिजन लागतो ते मोजायचे, त्या रेषेवरून पूर्ण जोराला किती लागला असता ते काढायचे, आणि प्रत्यक्ष घेतलेला ऑक्सिजन त्यातून वजा करायचा. उरते ती तूट, जी शरीराने ऑक्सिजनविना भागवली.

१. वायू विश्लेषक ज्ञात मिश्रणाच्या वायूने आणि ३ लिटरच्या पिचकारीने जुळवा. मास्क लावून, झडप हाताने बंद करून फुंकायला सांगा, कडेने हवा निसटता कामा नये. नळी डोक्यामागून न्या, नाहीतर दांडी तिला अडकते.

२. ४ मिनिटांच्या ५ पायऱ्या, दर पायरीला साधारण ३० वॅट वाढ. प्रत्येक पायरीच्या शेवटच्या मिनिटाची ऑक्सिजनची सरासरी घ्या. सगळ्या पायऱ्या लॅक्टेट वाढू लागण्याच्या पातळीखाली ठेवा. त्यावर गेलात तर ऑक्सिजन हळूहळू चढतच राहतो आणि रेषा वाकते.

३. किमान ३० मिनिटे विश्रांती, जमल्यास पुढचा दिवस. मग २ मिनिटे पूर्ण जोर, संपूर्ण वेळ वायूंची मोजणी.

समजा रेषा अशी आली: ऑक्सिजन (लिटर प्रति मिनिट) = ०.६० + ०.०१५५ × वॅट. दोन मिनिटांची सरासरी ३०० वॅट. मागणी ५.२५ लिटर प्रति मिनिट, दोन मिनिटांची १०.५ लिटर. प्रत्यक्ष घेतला ७.० लिटर. तूट ३.५ लिटर, ७२ किलोला सुमारे ४९ मिलिलिटर प्रति किलो.

आता तीच रेषा थोडी बिघडवून पाहा: ०.०१५५ ऐवजी ०.०१६५. मागणी दोन मिनिटांत ०.६ लिटरने वाढते आणि तूट थेट १७ टक्के फुगते. खेळाडू तोच, वल्हवणे तेच. म्हणून तीनच पायऱ्यांवर रेषा काढून तूट जाहीर करू नये. एखादी पायरी रेषेपासून दूर पडली तर ती खोडायची नाही, पुन्हा घ्यायची.

## टप्पा ९ : बदल खरा की गोंधळ?

हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या संघाची ३० सेकंदांची चाचणी एकाच आठवड्यात दोनदा घ्या. प्रत्येकाच्या दोन सरासरींमधला फरक काढा, त्या फरकांचे प्रमाण विचलन (ते किती विखुरले आहेत याचे माप) काढा आणि १.४१ ने भागा. विचलन १४ वॅट असेल तर उत्तर १० वॅट येते. तुमच्या खोलीतली, तुमच्या एर्गोवरची ही नेहमीची चूक. पुढे कुणाचा आकडा ८ वॅटने वाढला तर पेढे वाटू नका. २० च्या पुढे गेला तर विचार करायला हरकत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या चुकीचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण ती दुसऱ्या दोरीची चूक आहे.

## टप्पा १० : पाण्यावर ताडून पाहणे

एर्गोवर बोटीचा तोल सांभाळावा लागत नाही, पात्याची पाण्यातली पकडही लागत नाही. म्हणून त्याच आठवड्यात पाण्यावर पूर्ण जोराचे २०० मीटर घ्या.

- उथळ पाणी टाळा. तळ जवळ असला की बोटीचा रोध वाढतो.
- दोन्ही दिशांनी एकेक, मध्ये किमान २० मिनिटे. प्रवाह असेल तर दोन्ही वेगांची सरासरी घ्या, वेळांची नको.
- वारा जाणवण्याइतका असेल तर दिवस बदला. समोरचा वारा जेवढे हिरावून घेतो तेवढे पाठीमागचा परत देत नाही, त्यामुळे सरासरी काढूनही चूक उरते.
- बोट, पॅडल आणि पात्याचा कोन तोच ठेवा. बोटीत साचलेले पाणी आधी काढा.

पाण्यावरची शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. एर्गोवर ६ टक्के जास्त वॅट म्हणजे पाण्यावर फक्त २ टक्के जास्त वेग, ४० सेकंदांच्या २०० मीटरला ०.८ सेकंद. एवढाही फरक पाण्यावर दिसला नाही तर दोष तंत्रात आहे की एर्गोच्या जुळणीत हे शोधा. सुरुवात दोरीच्या ताणापासून करा, ते तपासायला पाच मिनिटे लागतात.